परसदारची हिरवळ
(घर-अंगण : नियमित सदर)



या सदरातून आपण आजवर गच्चीची गळती, पाण्याच्या टाक्या, धान्याची साठवण, घरातील वृद्धांसाठी जिन्याचे कठडे अशा अनेक घरगुती विषयांचा विचार केला. या वेळचा विषय काहींना चैनीचा वाटेल, काहींना हास्यास्पदही वाटेल. घरामागच्या मोकळ्या जागेत कृत्रिम गवत अंथरून गोल्फच्या ‘पटिंग’चा छोटा पट्टा कसा करावा, हा तो विषय. वर्षभरापूर्वी कोणी मला याविषयी विचारले असते, तर मीही हसून सोडून दिले असते. परंतु आमच्याच परसात हा पट्टा एकदा चुकीचा झाला, उखडला गेला आणि पुन्हा झाला. त्यात पैसा गेला, घरात वाद झाले आणि काही गोष्टी नव्याने उमगल्या. त्या जशा घडल्या तशा सांगतो.

आमची पेढी पनवेलच्या बाजारात. लोखंड, पत्रे आणि सिमेंट यांची. पनवेल हे खाडीवरचे जुने व्यापारी गाव. 1852 साली येथे नगरपालिका झाली आणि 2016 साली तिची महानगरपालिका झाली. आमचे राहते घर मात्र पळस्पे फाट्याच्या पुढे, कोन येथे आहे. गोव्याचा रस्ता बाजूला सोडून पुण्याच्या दिशेने निघाले की काही मिनिटांत कोन लागते. येथूनच सावळे-रसायनीकडे जाणारा रस्ता फुटतो. वडिलांनी ही जागा घेतली तेव्हा आजूबाजूला भातखाचरे होती. आज उंच इमारती आहेत, रात्रभर वाहनांचा आवाज आहे. तरीही घरामागे साठ फूट लांबीचे परस उरले आहे. त्यात एक विहीर, एक आंबा, एक पारिजातक आणि बाईंची, म्हणजे माझ्या आईची, चिमण्यांना दाणे टाकण्याची जागा आहे.

वडिलांना आम्ही सारे भाऊ म्हणतो. वयाच्या बाराव्या वर्षी गल्ल्यावर बसलेले भाऊ पंचाहत्तरीपर्यंत पेढीवर येत होते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगाला झटका आला. औषधोपचाराने ते हिंडू-फिरू लागले. वाचाही परत आली. परतला नाही तो उत्साह. पेढीच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हाती दिल्या आणि खिडकीशेजारच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत. ‘दिवसातून दोनदा उभे राहा, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्या, थोडे वाका, पुन्हा सरळ व्हा,’ असे सांगत. भाऊ ऐकून घेत आणि त्या गेल्या की म्हणत, “कामाशिवाय उठबस करायला मी काय शाळेत शिक्षा झालेला मुलगा आहे?” ज्या माणसाने आयुष्यात निष्कारण एक पाऊल टाकले नाही, त्याला निष्कारण उभे कसे करावे, हा आमच्या घरातील खरा प्रश्न होता.

अशा वेळी चिरंजीवांनी गोल्फचा विषय काढला. खारघरला पांडवकड्याच्या पायथ्याशी सिडकोने गोल्फचे मैदान उभारले आहे. मित्रांच्या संगतीने तो तेथे जाऊ लागला होता. त्याला घरी सरावाला पट्टा हवा होता. माझे उत्तर तयार होते : “हा साहेबांचा खेळ, आपल्याला कशाला?” ते उत्तर इतिहासाला धरूनच होते. आपल्याकडे हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईत हिंदी माणसाला गोऱ्यांच्या क्लबांची दारे बंद होती, त्या काळी, 1918 साली, हिंदी आणि युरोपीय दोघांनाही प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब निघाला आणि तेथेही गोल्फ खेळला गेला. आपल्या व्यापारी घरांशी या खेळाचा संबंध आला तो त्यानंतर, आणि तोही मोजक्याच घरांशी.

चिरंजीव म्हणाला, “पप्पा, मी पूर्ण मैदान मागत नाही. फक्त शेवटचा भाग.” हा शेवटचा भाग काय असतो, हे मला तेव्हा समजले. लांबचे फटके मारून चेंडू गुळगुळीत हिरवळीवर आणायचा आणि तेथून ‘पटर’ नावाच्या चपट्या काठीने हलकेच लोटून भोकात घालायचा, याला पटिंग म्हणतात. 18 भोकांच्या, 72 फटक्यांच्या मैदानावर प्रत्येक भोकासाठी दोन याप्रमाणे तब्बल 36 फटके पटिंगचे धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ येथेच. त्याला ताकद लागत नाही. दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभे राहायचे, कमरेतून थोडे वाकायचे, नजर चेंडूवर ठेवायची आणि खांदे लंबकासारखे हलवायचे. भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, असा नियम. ऐकता ऐकता मला व्यायामाच्या बाईंचे शब्द आठवले. उभे राहा, वजन घ्या, वाका, सरळ व्हा. मी चिरंजीवाला होकार दिला, तो मनात भाऊंना ठेवून. हे मी कोणालाच सांगितले नाही.

आता प्रश्न गवताचा. खरे गवत की प्लास्टिकचे? येथे एक मौजेची गोष्ट कळली. उष्ण प्रदेशांत गोल्फच्या हिरवळीसाठी जे गवत लावतात, त्याला इंग्रज ‘बर्म्युडा’ म्हणतात. ते दुसरे-तिसरे काही नसून आपल्या हरळीच्याच कुळातले आहे. हरळीपासून तयार केलेल्या संकरित जाती तेथे वापरतात. शेतकरी ज्या हरळीच्या नावाने बोटे मोडतो, तीच तेथे राजेशाही थाटात वाढते. परंतु तो थाट फार महाग असतो. चेंडू सरळ घरंगळावा म्हणून ते गवत जवळजवळ रोज, जमिनीपासून तीन ते पाच मिलिमीटर उंचीवर कापावे लागते. त्याला भरपूर पाणी आणि खत लागते. बुरशी व किडी येऊ नयेत म्हणून औषधांच्या फवारण्याही कराव्या लागतात.

हे ऐकताच बाईंनी विषय संपवला. चातुर्मासात त्या हिरव्या गवतावर पाऊल टाकत नाहीत. रोज पाते फिरवणे आणि कीटकनाशक फवारणे हे त्यांच्या परसात होणे शक्यच नव्हते. तेव्हा प्लास्टिकचे गवत हाच मार्ग उरला. विक्रेत्यानेही तेच सांगितले : कापणे नाही, पाणी नाही, किडा नाही, मुंगी नाही, तुमच्यासारख्या घरांसाठी हे अगदी निर्दोष. बाई तेवढ्यात एकच वाक्य बोलल्या, “वर काही नाही हे खरे, पण खाली जे आहेत, त्यांचे काय?” विक्रेता हसला, मीही हसलो. त्या हसण्याची किंमत मला पुढे मोजावी लागली.

काम एप्रिलच्या अखेरीस झाले. पावसाळ्यापूर्वी उरकावे म्हणून मी घाई केली. ठेकेदाराने तीन दिवसांत माती सारखी केली, वर सिमेंटचा पातळ थर ओढला, गोंद लावला आणि साठ फुटांपैकी चाळीस फूट परस हिरवेगार करून दिले. दिसायला ते सुंदर दिसले. शेजारी पाहायला आले, सौ.ने सर्वांना सरबत दिले. परंतु चिरंजीवाने पहिला चेंडू लोटला तो चार फुटांवर अडकून थांबला. अंथरलेले टर्फ बागेचे होते. त्याचे पाते दीड इंचाचे. पटिंगसाठी पाते साधारण अर्धा इंच किंवा त्याहून कमी, दाट आणि ताठ लागते. मी आयुष्यभर लोकांना सळई कोणत्या जाडीची घ्यावी हे शिकवले आणि स्वतः माल घेताना जाडी विचारली नाही.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. कोकणचा पाऊस वाचकांना सांगायला नको. आमच्या भागात एका मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. पहिल्याच मोठ्या सरीत परसाचे तळे झाले. ठेकेदाराने उतार दिला होता, पण तो घराच्या जोत्याकडे. सिमेंटच्या थरातून पाणी खाली मुरेना. ते गवताखाली साचले, गोंद सुटला आणि टर्फ तव्यावरच्या पोळीसारखे फुगले. स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत पाणी आले. जे पाणी दरवर्षी मातीतून झिरपून विहिरीला मिळत असे, ते त्या वर्षी घरात शिरू पाहत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागे गेलो, तर बाई हातात पूंजणी आणि कागद घेऊन टर्फच्या कडेला बसल्या होत्या. खालून वर येऊ पाहणारी शेकडो गांडुळे कडेच्या फटीत अडकली होती. बहुतेक मेली होती. जी हलत होती, त्यांना बाई पूंजणीने अलगद कागदावर घेऊन आंब्याच्या बुंध्याशी ठेवत होत्या. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलेदेखील नाही. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी बाजूला बसलो आणि दुसरा कागद घेतला. उन्हे येईपर्यंत आम्ही दोघे तेच करत होतो. खिडकीतून भाऊ पाहत होते.

त्याच आठवड्यात सगळे टर्फ उखडले आणि सिमेंटचा थर फोडून काढला. ठेकेदाराचा फोन लागेना. उखडलेले टर्फ भंगारवाल्याकडे पाठवले, तर त्याने हात लावला नाही. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाते एका प्लास्टिकचे, खालचे कापड दुसऱ्या प्लास्टिकचे, त्यावर रबरी किंवा पॉलियुरेथेनचा लेप आणि सगळ्यात माती भरलेली. हे वेगवेगळे करता येत नाही, म्हणून त्याला भाव नाही. ती गुंडाळी आजही आमच्या गोदामाच्या माळ्यावर पडून आहे. पेढीच्या मालसाठ्यात ज्याला गिऱ्हाईक नाही असा तो एकच नग. दिवाळीला साठा मोजताना मी तो मुद्दाम मोजतो.

येथे विषय संपायला हवा होता. मी तसे जाहीरही केले. परंतु एके संध्याकाळी भाऊंनी मला खुर्चीजवळ बोलावले आणि विचारले, “उतार किती दिला होता त्याने?” मी म्हणालो, “माहीत नाही.” “खडी किती इंच?” “घातलीच नव्हती.” भाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खडी-सिमेंटच्या पेढीवर पन्नास वर्षे काढून आपल्याच घरात बिनखडीचे काम! लोक काय म्हणतील? हे नीट करून दाखवले पाहिजे.” झटक्यानंतर त्यांनी कामाविषयी काढलेले ते पहिले शब्द होते. मी दुसऱ्यांदा होकार दिला.

या वेळी अटी बाईंनी घातल्या. पहिली अट, काम कार्तिकी पौर्णिमेनंतर. चातुर्मास संपलेला, जमीन वाळलेली आणि जीवजंतूंचा वावर कमी झालेला. दुसरी, खणलेली वरची माती टाकून द्यायची नाही. हाताने उचलून आंब्या-पारिजातकाखाली पसरायची. तिसरी, आंब्याच्या सावलीचा घेर, विहिरीचा काठ आणि दाण्याची जागा यांवर इंचभरही प्लास्टिक नाही. चौथी अट आकाराची होती. चिरंजीव पुन्हा चाळीस फूट मागत होता.

त्याच दिवसांत आमच्या पेढीवर एक वयस्क गृहस्थ किरकोळ सामान घ्यायला आले. गिरणीत हयात गेलेली. कोन येथे गिरणी कामगारांसाठी इमारती आहेत, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. 2016 साली तेथील 2,417 घरांची सोडत निघाली आणि त्यानंतर ताब्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. 160 चौरस फुटांची दोन घरे जोडून तेथे 320 चौरस फुटांचे एक घर केलेले आहे. ते गृहस्थ घरात फळी कोठे बसेल हे बोटांनी मोजून सांगत होते. इंच इंच जागेचा हिशेब. मी घरी आलो आणि जेवताना ती मापे सांगितली. कोणी काही बोलले नाही. चिरंजीवाने आपणहून कागद घेतला आणि वीस फूट बाय बारा फूट असे लिहिले. म्हणजे 240 चौरस फूट. सरावाला तेवढे पुरते, हेही खरे. ज्याला पटिंग शिकायचे, त्याला मुख्यतः आठ-दहा फुटांच्या आतलेच फटके घोटायचे असतात.

आता कामाची रीत सांगतो. ज्यांना करायचे आहे त्यांना उपयोगी पडेल. प्रथम सहा इंच खोल खणून तळ दाबून घेतला. तळाला घराच्या विरुद्ध बाजूस उतार दिला : शंभराला एक ते दोन, म्हणजे वीस फुटांत अडीच ते पाच इंच. भाऊ खुर्ची परसात आणून बसले आणि पाण्याची नळी भरून पातळी स्वतः तपासली. यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. तळावर पाणी जाऊ देणारे पण माती वर येऊ न देणारे जाड कापड, जिओटेक्स्टाइल, अंथरले. त्यावर चार इंच खडी दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून यंत्राने ठोकलेला. त्यावर दीड इंच बारीक कच. सिमेंट कोठेही नाही. सखल बाजूला छिद्रांचा पाइप खडीत पुरून तो विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडला. पाणी आता पट्ट्यातून खाली आणि तेथून विहिरीकडे जाते.

कचीचा थर हाच खरा पट्टा. गवत ही केवळ वरची चादर. कचीत जो उंचवटा राहील तो चेंडूला कळतो. लांब सरळ फळी फिरवून ती पुन्हा पुन्हा सारखी करावी लागते. थोडे चढ-उतार मुद्दाम ठेवतात, कारण चेंडू वळणार कसा हे ओळखण्यातच खेळाची गोडी आहे. पण भोकाभोवतीची दोन-तीन फूट जागा जवळजवळ सपाट हवी, नाही तर चेंडू तेथे थांबतच नाही. भोकाचे भांडे कचीत बसवून त्याच्या तळाला पाणी जायला वाट ठेवली. नंतर टर्फ एक दिवस उन्हात पसरून ठेवले, म्हणजे गुंडाळीच्या घड्या बसतात. दोन पट्टे जोडायचे असतील, तर दोन्हींच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा. उलट-सुलट लावले तर रंगही वेगळा दिसतो आणि चेंडूही अडखळतो. आम्ही बारा फूट रुंदीचा अखंड पट्टाच मागवला, जोडाची भानगडच ठेवली नाही. शेवटी बारीक सिलिका वाळू थोडी थोडी टाकून झाडूने पात्यांत जिरवली. तिच्या वजनाने टर्फ जागचे हलत नाही आणि पाते ताठ राहते.

वेग मोजण्याचीही एक रीत आहे. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन खेळाडूने 1935 साली एक साधी नाली तयार केली. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि तो सपाटीवर किती फूट जातो हे मोजायचे. चिरंजीवाने अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची तशी नाली घरीच केली. पहिल्या दिवशी चेंडू सात फूट गेला. वाळू अधिक जिरवून रोलर फिरवल्यावर नऊ फूट. एवढा वेग घरच्या सरावाला भरपूर.

मैदान बदलले की खेळ कसा बदलतो, याचे मोठे उदाहरण आपल्या देशाने सोसले आहे. कृत्रिम गवताचा बोलबाला झाला तो 1966 पासून, अमेरिकेतील ह्यूस्टनच्या छत असलेल्या क्रीडागारात. आत ऊन पोहोचेना, खरे गवत मेले, म्हणून ते अंथरले गेले. दहा वर्षांनी, 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच अशा मैदानावर झाली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातव्या क्रमांकावर घसरला. मातीवरचे कौशल्य प्लास्टिकवर चालले नाही. आमच्या परसातही चिरंजीव प्रथम सारखा चुकत होता. खारघरच्या गवतावरचा हात येथे जोराचा पडे.

दोष सांगितल्याशिवाय कोणत्याही मालाची शिफारस करू नये, हा पेढीचा नियम. म्हणून तेही सांगतो. हे गवत उन्हात फार तापते. भर उन्हात त्याचे तापमान साठ अंशांच्याही पुढे जाऊ शकते. एप्रिल-मेमध्ये दुपारी लहान मुलांना त्यावर अनवाणी सोडू नये. उन्हाने पाते हळूहळू ठिसूळ होते आणि त्याचे बारीक कण मातीत-पाण्यात जातात. मोठ्या क्रीडांगणांवर भरण म्हणून वापरल्या जाणाऱ्या रबराच्या कणांची विक्री युरोपीय संघाने 2023 च्या नियमाने, आठ वर्षांची मुदत देऊन, बंद करण्याचे ठरवले आहे. आम्ही रबर टाळले, वाळूच घेतली. तरी पाते प्लास्टिकचेच आहे. दहा-पंधरा वर्षांनी ते काढावे लागेल आणि तेव्हाही भंगारवाला हात लावणार नाही. शिवाय पट्ट्याखालच्या 240 चौरस फुटांत आता काही उगवणार नाही. हे काम निर्दोष झाले, असे मी म्हणणार नाही. पहिल्यापेक्षा त्याचा दोष कमी आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते. पूर्ण परस झाकून टाकण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी आधी पावसाळ्यातील एक रात्र आपल्या परसात काढावी, एवढीच विनंती.

ठेकेदाराला विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण ते आधीच विचारावेत. पाते किती मिलिमीटर? खाली सिमेंट की खडी? उतार कोणीकडे आणि पाणी शेवटी जाते कोठे? पहिल्या पावसानंतर पाहायला कोण येणार? आणि काढून टाकायची वेळ आली, तर परत नेणार कोण? शेवटच्या प्रश्नाला मला एकाही विक्रेत्याने उत्तर दिले नाही. ते मिळेपर्यंत पट्टा लहान ठेवणे हेच शहाणपण.

राहिले भाऊ. काम पुरे झाल्यावर मी त्यांना पटर हातात घ्या असे एकदाही म्हणालो नाही, सौ.ने आणि बाईंनीही नाही. आमच्याकडे संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. जेवण आणि प्रतिक्रमण यांच्या मधला अर्धा तास भाऊंना नेहमी जड जाई. त्या वेळात चिरंजीव परसात सराव करी. आठ-दहा दिवस भाऊ खुर्चीतून पाहत राहिले. मग सूचना सुरू झाल्या : “घाई करतोस. उतार पाहत नाहीस. आधी माप घे.” एके दिवशी चिरंजीव कंटाळून म्हणाला, “मग तुम्हीच दाखवा ना, दादाजी.” भाऊ उठले. नातवाने एका बाजूने धरले होते. पहिला चेंडू फूटभर गेला, दुसरा वाट सोडून गेला. पाचव्याला भांड्यात चेंडू पडल्याचा आवाज झाला आणि स्वयंपाकघरात बाईंच्या हातातले भांडे तसेच राहिले.

आता ते रोज वीस चेंडू लोटतात, पुढे नाही. डावा पाय अजून कुचराई करतो. कधी तोल जातो म्हणून शेजारी कोणीतरी उभे असतेच. व्यायामाच्या बाई म्हणतात, औषध आणि व्यायाम आहेत ते चालूच ठेवा, हे त्याच्या जोडीला. भाऊंनी पेढीतून एक जुनी कोरी वही मागवून घेतली आहे. तीत रोजची मिती घालून दोन रकाने करतात : भांड्यात गेलेले चेंडू जमा, चुकलेले नावे. प्रथम नावेची बाजू फार मोठी होती. गेल्या महिन्यात एकदा अकरा जमा आणि नऊ नावे असा दिवस आला. तो त्यांनी मला वही उघडून दाखवला आणि म्हणाले, “आज पेढी फायद्यात.”

बाई अजून त्या पट्ट्यावर पाय ठेवत नाहीत. सकाळी त्या पलीकडच्या मातीवर दाणे टाकतात. चिमण्या दाणे टिपतात, एखादी हिरव्या पट्ट्यावर उतरून दोन वेळा चोच मारते, काही मिळत नाही असे पाहून पुन्हा मातीकडे जाते. येत्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडेल, त्या रात्री मी आणि बाई कंदील घेऊन मागे जाणार आहोत. उतार, खडी आणि पाइप यांची परीक्षा तेव्हा होईल. पूंजणी आणि कागद आम्ही दाराशी आताच काढून ठेवले आहेत.